दोन हात रस्ता

पुणे हे एके काळी सायकलींचं शहर होतं, हे वाक्य पुण्यात नेहमी चारचाकीत एसी लावून उच्चारलं जातं. तेच हडपसरच्या गाडीतळावर, बोटभर रुंदीच्या टायरवर, मागे डंपर नि पुढे रिक्षा असताना म्हणून बघावं.

आमच्या ग्रुपमधले काका सत्तरीचे. ते सासवडला चहा प्यायला जातात. वाटेत दिवे घाट आहे, ही गोष्ट ते निघाल्यावर सांगतात.

"कडेला चिकटू नकोस!" फुरसुंगीच्या आधीच ते ओरडले. "कडेला गेलास की मागच्याला वाटतं, ह्याने रस्ता दान केला. डांबराच्या कडेपासून दोन हात आत राहा. आणि सरळ चालव."

मला कडच सुरक्षित वाटायची. पण तिथे काय असतं? खचलेली साइडपट्टी, बारीक खडी, बाटल्यांच्या काचा आणि उलट्या दिशेने निवांत येणारा एखादा दुचाकीस्वार, जो आपल्याकडेच 'काय माणसं असतात' अशा नजरेने बघतो. मी दोन हात आत आलो. मागून हॉर्न वाढले, पण अंगाला घासून जाणारे आरसे कमी झाले. शिव्या लांबून आलेल्या बऱ्या.

मागे वळून बघणं त्याहून अवघड. मान उजवीकडे वळली की हँडलही भक्तिभावाने उजवीकडे वळतं. त्यावर काकांचा उपाय असा: कोपरं सैल सोडायची, हनुवटी खांद्याला टेकवायची, क्षणभर बघायचं आणि हात दाखवायचा. खड्ड्याकडे मात्र बघायचंच नाही. नजर जिथे, चाक तिथे.

सिग्नलला प्रत्येक जण एकच विचारतो, "केवढ्याची?" हडपसरला मी खरी किंमत सांगितली. ऐकणाऱ्याने बायकोला हाक मारून मला दाखवलं. फुरसुंगीला किंमत निम्म्यावर आली. वडकीला सायकल मेव्हण्याची झाली.

मग घाट. वारीत ज्ञानोबांची पालखी इथून चढते तेव्हा रथाला जादा बैलजोड्या जुंपतात आणि आज्या डोक्यावर तुळस घेऊन चालत वर जातात. माझ्याकडे जादा म्हणून पुढची छोटी चकती होती, ती पहिल्याच वळणावर लावून झाली. खाली मस्तानी तलाव फार सुंदर दिसतो म्हणतात. मला पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह दिसत होता. ट्रकवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला महाराष्ट्रात 2015 साली बंदी आली. ती अक्षरं अजून शाबूत आहेत, हे चढावर ट्रकमागे लटकलेल्याला सावकाश वाचून पडताळता येतं.

सासवड हे अत्र्यांच्या तालुक्याचं गाव. तिथे पहिला चहा पोटात गेला की गेल्या दहा हजार वर्षांत असा घाट कुणी चढला नसेल, असं कुणालाही वाटू लागतं. मलाही वाटलं. तेवढ्यात काका म्हणाले, "चढायला काय, दम लागतो. खरी परीक्षा उतारावर."

हे मात्र त्यांनी वेळेवर सांगितलं. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. वळणाच्या बाहेरच्या बाजूचा पाय खाली, भार त्याच्यावर. हात खालच्या वाकड्या हँडलवर. आणि वळणात लेनच्या मध्यावर, म्हणजे कुणाला आपल्याला दरीकडे सारून पुढे घुसायचा मोह होत नाही.

मी मध्यावर राहिलो. मागे एक टेम्पो आला. हॉर्न दिला. पुन्हा दिला. मग हॉर्नवरून हात काढायचंच विसरला. वळण, पुन्हा वळण. मी कडेला सरकलो नाही. कानात वारा, पोटात गोळा, बोटं ब्रेकवर.

पायथ्याला रस्ता मोकळा झाला. क्लीनरने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून माझ्या घराण्याची आस्थेने चौकशी केली. पूर्वी अशा वेळी मी "सॉरी दादा" म्हणत मातीत उतरायचो. आता हनुवटी खांद्याला टेकवली, मागे नीट पाहिलं आणि हात हलवून त्याला पुढे जायची परवानगी दिली.