बेसुऱ्यांचा हरिपाठ

गाता गळा असणाऱ्यांना गाण्याचा काय फायदा होतो, ते त्यांनाच विचारा. त्यांना बिदागी मिळते, एवढं मला दिसतं. बेसुऱ्या माणसाला होणाऱ्या लाभाबद्दल मात्र मी अधिकारवाणीने बोलू शकतो. दर एकादशीला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हरिपाठ होतो आणि मी त्यात टाळकरी आहे.

टाळ मला माझी भक्ती बघून मिळालेला नाही. माझा आवाज ऐकून बुवा गोड शब्दांत म्हणाले, "माउली, तुम्ही टाळ धरा. खणखणीत वाजवा." टाळाखाली माझा आवाज बुडावा, ही त्यामागची योजना पेटीवाल्यांनी पुढे फोडली. तरी टाळाचे उपकार मोठे. दोरी बोटांना गुंडाळली की दोन्ही हात अडकतात. खिशातला मोबाइल कितीही थरथरला तरी हात लावता येत नाही. ही सिद्धी मला दुसऱ्या कुठल्याही साधनेने लाभलेली नाही.

पेटीवाले काळी एक देतात, निवृत्त बँक मॅनेजर पांढरी चारमध्ये उचलतात आणि बाकीचे लोकलमधल्या चौथ्या सीटसारखे मिळेल तिथे टेकतात. पण एक चरण एका दमात म्हणायचा तर श्वास झटकन घेऊन सावकाश सोडावा लागतो. प्राणायामाच्या वर्गाला याचीच फी पडते. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये मांडलं, की समूहात गाणाऱ्यांचा श्वास एकत्र पडतो, म्हणून हृदयाची गतीही बरोबरीने वाढते-उतरते. मी हे मंडळात सांगितलं. पखवाजवाले म्हणाले, "ठोके जुळतात, मग टाळ का जुळत नाहीत?"

ठोक्यांचं मला आमच्या दोन काकांवरून पटलं. पार्किंगच्या जागेवरून दोघांचं बोलणं बंद आहे. अर्ज-विनंत्या सेक्रेटरींमार्फत चालतात. हरिपाठात मात्र दोन रांगा समोरासमोर, आणि नशिबाने हे दोघे बरोब्बर एकमेकांपुढे. राग धरायचा तर श्वास कोंडावा लागतो आणि इथे तो सोडल्याशिवाय चरण पुरा होत नाही. ज्ञानेश्वर माउलींच्या हरिपाठाचे अभंग 27 की 28, यावरही दोघांचे तट वेगळे, कारण दोघांच्या घरच्या प्रती वेगळ्या. पण पाचव्या-सहाव्या अभंगापर्यंत कपाळावरच्या आठ्या जातात. पावली खेळताना एकाचा पाय चुकला की दुसरा मानेनेच ठेका दाखवतो.

शेवटी वारकरी रीतीप्रमाणे सगळ्यांनी एकमेकांच्या पाया पडायचं. यातून सुटका नाही. गेल्या एकादशीला दोघे वाकले आणि वाकलेले असतानाच एक काका म्हणाले, "माउली, सकाळी साडेसहाला निघायचंय. तेवढी गाडी पुढे घ्याल?"

"घेतो की, माउली," दुसरे म्हणाले, "पण खांबापर्यंतची जागा माझीच."