आरंभशूरांसाठी छायाचित्रण

काम सुरूच न करणं हे बुद्धीचं पहिलं लक्षण आणि सुरू केलेलं तडीस नेणं हे दुसरं, असं जुने लोक सांगून गेले आहेत. या दोन लक्षणांच्या मधोमध जी मोकळी जागा उरते, तिथे प्रस्तुत लेखक गेली अकरा वर्षं कॅमेरा घेऊन उभा आहे. एवढ्या काळात त्याने छायाचित्रणाचे सतरा प्रकल्प हाती घेतले. हात शाबूत आहेत. प्रकल्पांचे अवशेष माळ्यावर, फ्रीजच्या मागे आणि एक बाल्कनीच्या पाइपला तारेने बांधलेला, असे आहेत. जिज्ञासूंना एवढा अनुभव आयता मिळावा म्हणून पुढील नियम देत आहोत.

नियम १. प्रकल्प रात्री साडेअकरानंतर ठरवावा.

सकाळी ठरवलेल्या प्रकल्पात अडचणी आधीच दिसतात.

नियम २. ‘रोज एक फोटो’ हे व्रत १ जानेवारीला घ्यावे.

९ जानेवारीला ते सुटतं. म्हणजे संक्रांतीला माणूस मोकळा.

या व्रताचे खरे साधक वेगळे. न्यूयॉर्कचा जेमी लिव्हिंग्स्टन ३१ मार्च १९७९ पासून रोज एक पोलरॉइड काढत गेला. एक म्हणजे एकच. बिघडला तर बिघडला. २५ ऑक्टोबर १९९७ ला, एकेचाळिसाव्या वाढदिवशी, तो गेला. त्या दिवसाचाही फोटो आहे. सहा हजारांवर फोटो झाले. त्यांत मित्र आहेत, जेवणं आहेत, रिकाम्या खोल्या आहेत, आणि शेवटी शेवटी इस्पितळ.

माझ्या नऊ फोटोंत चहाचा कप पाच वेळा आहे. कप मात्र वेगवेगळे आहेत, हे नम्रपणे नमूद करतो.

नियम ३. डबा कसा बांधावा याचा विचार डबा बांधण्यापूर्वी करावा.

सूर्याचा सहा महिन्यांचा एकच फोटो काढता येतो. त्याला सोलरग्राफ म्हणतात आणि कॅमेरा म्हणून थंड पेयाचा रिकामा डबा चालतो. डब्याचं वरचं झाकण कापायचं. मधोमध सुईने भोक पाडायचं. सुई आरपार घालायची नाही, नुसतं टोक टोचायचं आणि आतल्या बाजूला आलेला काठ पॉलिश पेपरने घासायचा. आत ब्लॅक अँड व्हाइट ब्रोमाइड कागदाचा तुकडा गोल वळवून बसवायचा, चकचकीत बाजू भोकाकडे. भोकासमोर कागदाची फट ठेवायची, नाहीतर कागदच भोक झाकतो. हे मला दुसऱ्या डब्याला कळलं. वर काळ्या कागदाचं झाकण, त्यावर इलेक्ट्रिशियनची काळी टेप. झाला कॅमेरा. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात छोट्या झरोक्यातून गोपुराची उलटी सावली आतल्या भिंतीवर पडते, तेच तत्त्व. फरक इतकाच की त्यांनी देऊळ बांधलं आणि मी डबा.

सूर्य रोज या कागदावर एक रेघ ओढतो. ढग आले की रेघ तुटते. दुसऱ्या दिवशीची रेघ थोडी सरकलेली. २२ डिसेंबरला बांधलात तर जूनपर्यंत कमानींवर कमानी चढत जातात. कागद उन्हानेच काळा पडतो, म्हणून डेव्हलपर लागत नाही. उलट त्यात बुडवलात तर सहा महिने एका मिनिटात काळे होतील. कागद काढायचा, लगेच स्कॅन करायचा आणि कॉम्प्युटरवर उलटा करायचा, काळ्याचं पांढरं. स्कॅन एकदाच, कारण स्कॅनरचा उजेडही कागदावर चढतो. मी आधी प्रीव्ह्यू घेतला. कोपरा तिरका वाटला म्हणून पुन्हा घेतला. असो.

आता खरी गोष्ट. या कृती लिहिणारी मंडळी बहुतेक युरोपातली. तिकडचा सूर्य नम्र आहे. इंग्लंडात डिसेंबरच्या भर दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम पंधरा अंश वर येतो. ठाण्यात त्याच दुपारी तो सत्तेचाळीस अंशांवर असतो आणि मेच्या मध्यावर तर बरोबर डोक्यावर, सावली पायाखाली. डबा सरळ उभा बांधला तर दुपारचा सूर्य कागदावर पडतच नाही, डब्याच्या बुडाला जाऊन बसतो. माझ्या पहिल्या डब्यातून सकाळ आणि संध्याकाळ छान आली. दुपार कुठेच नाही. सगळ्या कमानींची डोकी उडवलेली. तेव्हा आपल्याकडे डबा मागे रेलून बांधावा, आरामखुर्चीत बसलेल्या आजोबांसारखा. मग भोक आभाळाकडे होतं आणि पावसाचं पाणी थेट आत. म्हणून २१ जूनची वाट न पाहता मृगाच्या आधीच डबा उतरवावा. शेवटच्या पंधरवड्यात सूर्य जेमतेम अंशभर सरकतो, फार काही बुडत नाही. हे एवढं मला कुणी सांगितलं असतं तर एक वर्ष वाचलं असतं. ते वर्ष मी दुसऱ्या कशात तरी घालवलं असतं, ही गोष्ट वेगळी.

दुसरा डबा मी व्यवस्थित रेलून बांधला. वॉचमनने तो कशासाठी आहे म्हणून विचारलं. “सूर्यासाठी,” मी म्हणालो. त्याने सेक्रेटरींना सांगितलं. सेक्रेटरींनी सोसायटीच्या ग्रुपवर ‘संशयास्पद वस्तू’ असा फोटो टाकला. (फोटो चांगला होता. उजेड बाजूने घेतला होता.) हे निस्तरेपर्यंत फेब्रुवारी उजाडला. मार्चमध्ये बिल्डिंगला रंग काढला आणि रंगाऱ्याने पाइपबरोबर डब्यालाही क्रीम कलर दिला. भोकासकट. जूनमध्ये उघडला, तेव्हा २२ डिसेंबर ते मार्चचा पहिला आठवडा एवढ्या कमानी निघाल्या आणि पुढे काळोख. रंगकामाची तारीख इतक्या अचूकपणे दुसऱ्या कुठल्या सोसायटीने नोंदवली असेल असं वाटत नाही.

निराश होऊ नये. या शास्त्रातला विक्रम विसरभोळेपणाचाच आहे. रेजिना वॉल्केनबर्ग या विद्यार्थिनीने २०१२ मध्ये इंग्लंडातल्या बेफर्डबरी वेधशाळेत असाच एक डबा लावला आणि ती तो विसरून गेली. २०२० मध्ये तिथल्या कर्मचाऱ्याला तो सापडला. आत आठ वर्षं होती: २,९५३ कमानी. तिच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की तिच्या वेधशाळेला कुणी रंग काढला नाही.

नियम ४. निळ्या रंगाशी वाकडे घेऊ नये.

सायनोटाइप ही घरात करता येणारी सर्वांत देखणी रीत. १८४२ साली जॉन हर्शेलने शोधली. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड यांची वेगवेगळी द्रावणं करायची, मंद पिवळ्या दिव्यात एकत्र करायची, कागदाला किंवा सुती कापडाला लावून अंधारात वाळवायची. वर पान ठेवायचं, काच दाबायची, उन्हात ठेवायचं, साध्या पाण्यात धुवायचं. पानाखालचा भाग पांढरा, बाकी गर्द निळा. इंजिनिअरांची ब्लूप्रिंट ती हीच. मेथीपेक्षा शेवग्याचा पाला चांगला येतो. कोथिंबीर काचेखाली चेंगरते. ऑक्टोबरच्या उन्हात दहा-पंधरा मिनिटं पुरतात, आणि कागद करडा दिसू लागला तरी घाबरून लवकर उचलू नये. धुतल्यावर निळा येतो.

ॲना ॲटकिन्सने १८४३ पासून पुढे दहा वर्षं याच रीतीने समुद्रशेवाळांचे ठसे घेऊन पुस्तक केलं. छायाचित्रं असलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. दहा वर्षं, शेवाळ!

मी हिच्या पांढऱ्या कुर्त्यावर शेवग्याची डहाळी उमटवली. अप्रतिम आली. पहिल्यांदाच घरात माझ्या छंदाचं कौतुक झालं आणि कुर्ता धुवायला गेला. सायनोटाइपला धुण्याची पावडर अजिबात चालत नाही; खाराने निळं जाऊन पिवळट उरतं. हे मी सांगायला हवं होतं. शेवगा आता आहे, पण हळदीचा वाटतो.

नियम ५. थेंबाचा फोटो काढताना दुधाचा हिशेब ठेवावा.

हॅरोल्ड एजर्टनचा १९५७ चा दुधाच्या थेंबाचा मुकुट तुम्ही पाहिलाच असेल, लाल पार्श्वभूमीवरचा. तसा थेंब गोठवणारा शटर नसतो, फ्लॅश असतो. खोली अंधारी करून फ्लॅशची ताकद सर्वांत कमी ठेवायची. ताकद जितकी कमी तितका त्याचा लखलखाट छोटा. फोकस आधी थेंब पडतो तिथे पेन्सिल उभी धरून घ्यायचा आणि मग हात लावायचा नाही. पाण्यापेक्षा दुधाचा मुकुट उठून दिसतो.

एजर्टनने या मुकुटापायी वीसेक वर्षं घालवली. मला अर्ध्या लिटरनंतर थांबवण्यात आलं.

नियम ६. मांजरे उडवू नयेत.

१९४८ साली फिलिप हाल्समनने साल्वादोर दालीबरोबर उडवली होती, शिवाय बादलीभर पाणी. त्यांना मदतनीस होते.

नियम ७. मेहुण्यांना रांगेत उभे करताना भुकेची वेळ टाळावी.

निकोलस निक्सन या अमेरिकन छायाचित्रकाराने १९७५ साली आपल्या बायकोचा आणि तिच्या तीन बहिणींचा फोटो काढला. मग दरवर्षी काढत राहिला. मोठ्या निगेटिव्हचा तोच जुन्या धाटणीचा कॅमेरा, चौघींचा तोच क्रम. चाळीसहून अधिक वर्षं. ओळीने बघताना पहिली दहा वर्षं आपण कपडे बघतो आणि मग कधीतरी कपडे बघायचं सोडून देतो.

माझी बायको चौघींत तिसरी. एवढं साम्य मला पुरेसं वाटलं.

चौघी भाऊबीजेला डोंबिवलीला भावाकडे जमतात. मी ट्रायपॉड नेला, पांढरा थर्माकोल नेला, जमिनीवर खडूने चार फुल्या केल्या. अक्का म्हणाल्या, त्या उभ्या राहणार नाहीत, गुडघा. माई म्हणाल्या, अक्का बसल्या तर त्याही बसणार. बेबी साडी बदलून आली आणि तिला बघून माईही बदलायला गेल्या. उजेड मोजला. पुन्हा मोजला. ही तेवढ्यात म्हणाली, “अहो, काढा आता.” असे तीन फोटो तीन वर्षांत निघाले. चौथ्या वर्षी मला दुधाच्या थेंबाचं वेड लागलं होतं आणि ट्रायपॉड घरीच राहिला. प्रकल्प नियमाप्रमाणे संपला.

गेल्या भाऊबीजेला भाच्याने टीव्हीवर काहीतरी लावलं. चौघींचे फोटो होते. माझे तीन, आणि त्यानंतरचे प्रत्येक वर्षाचे. भाच्याच्या मोबाइलवरचे, तिरके, एकात कोपऱ्यात त्याचा अंगठा, दोनात खिडकी मागे असल्यामुळे चेहरे काळे. पण क्रम तोच. अक्का, माई, ही, बेबी. कुणी खडू मारला नव्हता. अक्का पहिल्या तीनांत उभ्या आहेत, पुढे खुर्चीत, आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पुन्हा उभ्या. हिच्या कानामागचे केस कधी पांढरे झाले ते मला घरात रोज बघून कळलं नव्हतं. तिथे सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये सरळ दिसत होतं. चौथ्या फोटोत चौघींच्या मागे सोफ्यावर एक गृहस्थ आहेत, मांडीवर फराळाची बशी, डोकं मोबाइलमध्ये. बहुतेक पुढचा प्रकल्प शोधत असावेत.

“मला का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“तुम्ही फार वेळ लावता हो,” अक्का म्हणाल्या. “पुऱ्या गार होतात.”

अशा प्रसंगी साधकाने गप्प बसावे, असा नियम आहे. मी मोडला. म्हटलं, बाकी सगळं ठीक आहे, फक्त खिडकी पाठीशी घेऊ नका, तोंडावर घ्या. चौघी वळून खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. भाच्याने एक काढला आणि टीव्हीवर टाकला.

अक्कांनी चष्मा लावून तो नीट पाहिला. “हे आधी सांगायचं की,” त्या म्हणाल्या.