उकाराखाली, वेलांटीवर

इंग्रजी अक्षर रेघेवर बसतं, मराठी अक्षर रेघेला लोंबकळतं. पहिलीतल्या पोरालाही हे ठाऊक असतं, कारण त्याच्या दप्तरात मराठीची दुरेघी वही वेगळी आणि इंग्रजीची चाररेघी वेगळी. छपाईची यंत्रं आणि पुढे संगणक ज्यांनी घडवले, ती मंडळी मात्र सगळी चाररेघीतली. त्यामुळे ओळ मोजायची ती अक्षरांच्या पायथ्यापासून, असं जगात ठरून गेलं. वरच्या ओळीच्या पायथ्यापासून खालच्या ओळीच्या पायथ्यापर्यंतचं अंतर म्हणजे डीटीपीवाल्यांची 'लीडिंग'. पेजमेकरला तुम्ही काहीच सांगितलं नाही, तर तो आपल्या मनानं अक्षराच्या मापाच्या १२० टक्के लीडिंग धरायचा. दहा पॉइंटचं अक्षर, बारा पॉइंटची ओळ. रोमन लिपीचं तेवढ्यात सुखानं भागतं.

आपलं नाही भागत. आपल्या अक्षरांच्या डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार; पायाशी उकार, रुकार आणि एकाखाली एक लावलेली जोडाक्षरं. समजा, वरच्या ओळीत 'उड्डाणपूल' आला. ड-च्या पोटाखाली दुसरा ड, प-ला दीर्घ उकार. आणि नेमका त्याच्या खाली 'सर्वोच्च' आला, मात्रा आणि रफार दोन्ही घेऊन. मग चाळीत होतं तेच होतं. वरच्या बिऱ्हाडाचं वाळत घातलेलं लुगडं खालच्यांच्या दारात लोंबतं आणि खालच्यांच्या शेगडीचा धूर वरच्यांच्या घरात शिरतो. दोष दोघांचाही नसतो. मजल्यांची उंची ज्यानं ठरवली, त्यानं ही बिऱ्हाडं कधी पाहिलीच नव्हती.

मोडी लिहिणाऱ्या कारकुनांनी हा तंटा मुळातच मिटवून टाकला होता. ते आधी कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडव्या रेघा ओढायचे आणि मग त्यांना अक्षरं टांगायचे. मजकुरात सनद निघो की शिव्या, ओळींमधलं अंतर बोरू शाईत बुडवल्याबरोबर ठरलेलं. आता सगळं लिहून झाल्यावर कुणीतरी मागे उभं राहून म्हणतं, "जरा मोकळं दिसू द्या हो," आणि घासाघीस सुरू होते.

खिळे जुळवण्याच्या काळात या मोकळेपणाला वजन होतं, तराजूत घालून मोजता येईल असं. दोन ओळींत जागा हवी, तर जुळाऱ्यानं मधे शिशाच्या पातळ पट्ट्या घालायच्या. त्या खिळ्यांहून बुटक्या, म्हणून त्यांना शाई लागायची नाही आणि कागदावर तेवढी जागा कोरी राहायची. डिग्री पद्धतीच्या टाइपात तर मात्रा, वेलांट्या, उकार यांचे खिळे वेगळे. ते अक्षरांच्या वर आणि खाली जुळवायचे. ओळ एकच, पण तिमजली. जिथे मात्रा नाही, उकार नाही, तिथेही कोरे तुकडे भरावेच लागत, नाहीतर जुळणी ढिली पडायची. म्हणजे पानावर जे काहीच नाही असं आपल्याला दिसतं, तेही कुणीतरी चिमटीत धरून जागेवर ठेवलेलं असे. अशा माणसासमोर "ओळी जरा लांब लांब घ्या" म्हणायला लेखकाची जीभ सहजी रेटत नसणार. आज माउसनं अर्धा पॉइंट वरखाली करताना कुणाला काय वाटायचंय?

ओळींच्या या प्रकरणात सगळ्यांत जिद्दी माणूस म्हणजे डोनल्ड क्नूथ. 'द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघायची होती. १९७७ साली तिची प्रुफं हातात आली आणि ती त्यांना इतकी कुरूप वाटली की, पानं जुळवणारी प्रणाली त्यांनी स्वतःच लिहायला घेतली. तिचं नाव टेक. आपल्याकडे प्रुफं पाहून चिडलेला लेखक फार तर प्रकाशकाकडे जाणं-येणं बंद करतो.

टेकचा स्वभाव समंजस आहे. दोन ओळींच्या पायथ्यांत ठरलेलं अंतर राखायचं. पण वरचीचे पाय खालचीच्या डोक्यात घुसू लागले, तर ठरलेलं सोडून द्यायचं आणि दोघींमधे नुसती एक पॉइंटाची फट ठेवून खालचीला आणखी खाली सरकवायचं. भांडण मिटतं, पण पानभर एकसारख्या ओळींत ती एक सरकलेली ओळ डोळ्यांत सलते. त्याची एक खोड मात्र विलक्षण आहे. परिच्छेदाला किती लीडिंग द्यायची, हे तो परिच्छेद संपतानाच बघतो. तुम्ही दहा ओळी ऐसपैस मापानं लिहा आणि परिच्छेद मिटण्याच्या किंचित आधी जुन्या मापावर या; दहाच्या दहा ओळी जुन्याच मापानं बसतात. कित्येक नवख्या संशोधकांची झोप या एका खोडीनं उडवली आहे.

त्यात विद्यापीठ 'दुप्पट अंतर' मागतं. संशोधक भाबडेपणानं २ हा आकडा घालतो आणि दोन ओळींमधून बैलगाडी जाईल एवढी जागा सुटते. कारण दहा पॉइंटच्या अक्षराची ओळ मुळातच बारा पॉइंटची. तिची दुप्पट केली तर चोवीस होतात. टेकवरच बेतलेल्या लेटेकच्या हिशेबात दुप्पट धरायची ती अक्षराची, म्हणजे वीस. म्हणून आकडा घालायचा १.६६७. अकरा पॉइंटच्या अक्षराची ओळ १३.६ पॉइंटची, तेव्हा २२ भागिले १३.६, उत्तर १.६१८. हे तर थेट सुवर्ण गुणोत्तर! आपल्या प्रबंधात निदान ओळी तरी दैवी प्रमाणात आहेत, असं समाधान एखाद्यानं करून घ्यायला हरकत नाही. ग्रीकांचा त्यात काही हात नाही, तो निव्वळ भागाकार आहे.

वर्डची तऱ्हा वेगळी. २००७ च्या आवृत्तीत त्यानं न विचारता एकाचे १.१५ केले आणि २०१३ मध्ये, पुन्हा न विचारता, १.०८ वर आला. मराठीला या शतांशांशी फारसं देणंघेणं नव्हतं, कारण आपली बाजू र. कृ. जोशींनी आधीच सांभाळली होती. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' हा फाँट त्यांनी घडवला, आणि त्यात अक्षरांच्या वर आणि खाली ऐसपैस जागा धरून ठेवली. म्हणून इंग्रजी पत्रात मधेच एक मराठी शब्द लिहिला की तेवढीच ओळ फुगते. मला ते शहाणपणाचं वाटतं. साहेबांना ते खटकतं. "सगळं एकसारखं करा," असं फर्मान सुटतं, आणि टायपिस्ट बिचारा 'एक्झॅक्टली' निवडून समोर बारा लिहितो. आता ओळी एकसारख्या होतात, पण पडद्यावर सगळ्यांची डोकी छाटली जातात. 'चोर'चे 'चार' होतात, 'मोती'ची 'माता' होते. पोलीस पाटलाच्या अहवालात चोर पकडले की चार पकडले, हा फरक किरकोळ नाही.

पुस्तकांच्या धंद्यात लीडिंग हा सौंदर्याचा प्रश्न क्वचितच असतो. तो सोळाच्या पाढ्याचा प्रश्न असतो. छपाई सोळा पानी फॉर्मात चालते. मजकूर १६४ पानांवर गेला, तर त्या जादा चार पानांसाठी अकरावा फॉर्म चढतो आणि प्रकाशकाचा रक्तदाबही. मग ऑपरेटर शांतपणे विचारतो, "सर, लीडिंग अर्धा पॉइंट खाली घेऊ?" सोळाची साडेपंधरा केली की पानावर तिसाच्या जागी एकतीस ओळी बसतात आणि पुस्तक १५९ पानांत आवरतं. परिच्छेद कापायला सांगितला असता, तर लेखक महिनाभर बोलला नसता. इथे साऱ्या पुस्तकाची हवा काढून घेतली, तरी त्याला पत्ता लागत नाही. कवीच्या बाबतीत सगळं उलटं. त्याला दोन ओळींत जेवढी जागा मिळेल तेवढी थोडीच, आणि संग्रहाला पाठीवर नाव छापण्याइतकी जाडी यावी, अशी प्रकाशकाचीही इच्छा असते. एवढी एकवाक्यता त्या दोघांत मानधनाच्या बाबतीत दिसत नाही.

कायद्याच्या दरबारात असली मोकळीक नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली ए-फोर कागद दोन्ही बाजूंनी वापरायला सांगितलं, तेव्हा अक्षर १४ आणि ओळ दीड पटीची, हेही ठरवून दिलं. वकिलांना आता पाल्हाळ लावायचा तर तो खराखुराच लावावा लागतो.

पण या विद्येतलं खरं कसब पाहायचं असेल, तर लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या दुकानात जावं. पत्रिकेला फॉर्म वाढवायची सोय नाही. कार्ड तेवढंच, पाकीट तेवढंच, आणि नावं मात्र अखेरच्या प्रुफापर्यंत वाढत जातात. निमंत्रक, व्यवस्थापक, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी सात नातवंडं, त्यात एक कालच बारशाला नाव ठेवलेलं. मुहूर्ताच्या ओळीला धक्का लावायचा नाही, कुलदेवतांना तर नाहीच. मग जागा कुठून काढायची, हे दुकानदार पुढ्यातल्या माणसाचं तोंड पाहून ठरवतो.

"काका, धाकट्या आत्यांच्या मिस्टरांचं नाव राहिलंय."

"बसवतो की. गणपती थोडा बारीक करावा लागेल."

"छे, गणपतीला नका हात लावू. मुलाकडच्यांच्या ओळी जरा जवळ घ्या."