जिल्हा निवडा

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की जिल्ह्याची हद्द ओलांडताच तामलवाडी लागते. इथल्या माणसाचा जिल्हा कोणता, हे सरकारला ठाऊक आहे, न्यायालयाला ठाऊक आहे, आई तुळजाभवानीला तर आहेच आहे. ठाऊक नाही ते फक्त मोबाइलमधल्या त्या यादीला, जी 'जिल्हा निवडा' म्हणत बोटाखालून घरंगळत जाते. केंद्राने २४ फेब्रुवारी २०२३ ला उस्मानाबाद शहराचं धाराशिव करायला मान्यता दिली. त्याच वर्षी सप्टेंबरात राज्याने जिल्ह्याचंही नाव बदललं. २०२४ च्या मे महिन्यात उच्च न्यायालयाने आणि ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. देशातल्या सगळ्यात वरच्या कोर्टात प्रकरण मिटलं. ॲपमध्ये अजून तारीख पडते आहे.

एका यादीत धाराशिव असतं, दुसरीत उस्मानाबाद. इंग्रजी यादी असली तर 'डी'पाशी शोधायचं, नाही सापडलं तर 'ओ'पर्यंत खाली जायचं, वाटेत लातूर, नागपूर, नांदेड बघत. ज्या यादीत दोन्ही नावं असतात ती सगळ्यात घातक. एक निवडलं की तालुक्याच्या रकान्यात तुळजापूर येतं, दुसरं निवडलं की तो रकाना कोराच. बरं, नशिबाने बरोबर बोट पडलं तरी आधारवर एक नाव आणि बँकेच्या पासबुकावर दुसरं, म्हणून शेवटी लाल अक्षरांत येतं : 'माहिती जुळत नाही.' नामांतरावरून हमरीतुमरीवर आलेल्या दोन्ही बाजूंना खरं तर हा फॉर्म भरायला बसवायला हवं होतं. पाच मिनिटांत एकी झाली असती.

नामांतरात बदलला नाही तो गाड्यांचा एमएच २५. मग निदान गाड्यांचं तरी बरं चाललं असेल म्हणावं, तर तामलवाडीला टोलनाका आहे. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. गाडी न थांबता जाणार, असं सांगितलं होतं. गाडी थांबेना हे खरं, पण मालक थांबला. आधी टॅगची केवायसी, मग एका गाडीला एकच टॅग, मग गाडीचीसुद्धा ओळख पटवा : समोरून फोटो काढा, त्यात नंबरप्लेटही दिसली पाहिजे आणि काचेवरचा टॅगही. ऊस भरलेल्या ट्रकचा मालक घरी, ड्रायव्हर कर्नाटकात आणि फोटो आजच्या आज पाहिजे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आला : टॅग चालला नाही तर रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट भरा. टॅग चांगला असून नाक्याचं यंत्रच बिघडलं असेल तर गाडी फुकट सोडायची, असाही एक नियम २०१८ पासून आहे. तो देशातल्या कुठल्याही नाक्यावर म्हणून दाखवायला ज्याने काच खाली केली, त्याला मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकून कायद्यापेक्षा सव्वापट स्वस्त वाटते.

पण मला खरी भुरळ पडली आहे ती ओटीपीची. सरकारी सेवा ऑनलाइन झाल्यापासून गावातली सगळ्यात गजबजलेली जागा म्हणजे सेवा केंद्राचं दुकान. झेरॉक्स मशीन, पासपोर्ट फोटोचा पांढरा पडदा, बोटाचा ठसा घेणारं छोटं यंत्र आणि 'मामा, सर्व्हर डाऊन हाय' असं नजर न उचलता सांगणारा पोरगा. कापूस वेचून आणि भाकऱ्या थापून ज्या बाईच्या बोटांच्या रेषा झिजल्या, तिचा ठसा त्या यंत्राला उमटत नाही. राहिला ओटीपी. आधारला जोडलेला नंबर धाकट्या पोराचा आणि पोरगा चाकणला कंपनीत, शिफ्टमध्ये.

"लाव फोन त्याला."

आधारचा ओटीपी १० मिनिटं जगतो. २०२५ च्या जूनपर्यंत त्यातला बराच वेळ अमिताभ बच्चन खात असे. फोन लागण्याआधी त्याचा तो धीरगंभीर आवाज हिंदीत सायबर चोरांपासून सावध करायचा. इकडे मावशी पदराने घाम पुसत तो उपदेश ऐकून घ्यायची आणि पोराने फोन उचलला की अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असा ओरडून विचारायची, "ओटीपी काय आलाय रं?" मागे रांगेतले चौघे तो आकडा पाठ करून पुन्हा सांगायचे, चुकायला नको म्हणून. ओटीपी कुणाला सांगू नका हे तत्त्व आम्हाला मान्यच आहे. फक्त तो सांगितल्याशिवाय पीएम किसानचा हप्ता येत नाही. ती कॉलर ट्यून बंद झाली तेव्हा लोक म्हणाले, सुटलो. मग सप्टेंबरात लाडक्या बहिणींची ई-केवायसी आली. महिन्याला १५०० रुपये चालू राहायचे तर स्वतःच्या आधारचा ओटीपी आणि शिवाय नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा. ज्या बाईचे दोघेही वारले तिने काय करायचं, हे फॉर्म बनवणाऱ्याच्या डोक्यात आलं नव्हतं. पुढे मृत्यूचा दाखला देण्याची सोय झाली. तोवर कितीतरी बायका त्या रकान्यासमोर मुकाट बसून होत्या. त्यावर विनोद करायची माझी हिंमत नाही.

ई-पीक पाहणीचं मात्र मला कौतुक आहे. १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर सुरू झालेल्या त्या ॲपची घोषणा होती : 'माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा.' इतकी प्रामाणिक सरकारी घोषणा दुसरी नाही. मीच नोंदवणार, म्हणजे तलाठी नाही. त्याने दहा टक्के तपासायचं, उरलेलं सोयाबीन कुठे आहे ते सोयाबीनवाल्याने बांधावर उन्हात उभं राहून, स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या डेटात सिद्ध करायचं. पगार तेवढा अजून तलाठ्याकडेच आहे, ती प्रणाली बहुधा पुढच्या अपडेटमध्ये येईल.

फुकट राबवून घेण्यात आपलं सरकार एकटं नाही, हे समाधान. 'मी यंत्रमानव नाही' असं कबूल करून घेणारी ती वाकडीतिकडी अक्षरं आठवतात? त्यातली रीकॅप्चा ही पद्धत अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात निघाली आणि २००९ मध्ये गुगलने विकत घेतली. यंत्राला न वाचता आलेले जुन्या वर्तमानपत्रांतले आणि पुस्तकांतले शब्द आपल्याकडून वाचून घेतले जात होते. मग चित्रं आली. तामलवाडीच्या माणसाला आता माणूस ठरायचं तर नऊ चौकोनांतून अमेरिकेच्या फुटपाथवरचा आगीचा बंब जोडायचा नळ ओळखावा लागतो. त्याने आयुष्यात असा नळ पाहिलेला नाही. गावाला कोरडे नळ पुष्कळ आहेत, पण ते धरत नाहीत. शेवटी तो मुलाला हाक मारतो. मुलगा कार्टून बघून तयार झालेला असतो, तो बापाला माणूस म्हणून पास करून देतो.

तक्रार करायची तर ईमेल असतो. त्याच्या तळाला लिहिलेलं असतं, 'कृपया या ईमेलला उत्तर देऊ नये.' जुना बाबू इतका उद्धट नव्हता. टपालावर निदान आवक क्रमांक तरी टाकायचा.

एवढं सगळं होऊन अर्ज सादर झाला की हिरवी टिकली येते आणि खाली पाच पोकळ तारे. 'आमची सेवा कशी वाटली?' सेवा केंद्रातल्या पोराला यातली मेख बरोबर माहीत आहे. एक तारा दिला की 'कारण लिहा' म्हणून चौकोन उघडतो, त्यात किमान अक्षरांची अट असते, आणि लिहीपर्यंत सर्व्हर जातो. पाच दिले की खिडकी लगेच बंद होते. मावशीला तो विचारतसुद्धा नाही, पाचही तारे पेटवतो आणि हाक देतो, "पुढचं कोण?"