साहेबांच्या कॉलला मार्क किती?

ऐरोली, मालाड किंवा हिंजवडीतल्या मोठ्या कॉल सेंटरांत फ्लोअरवर जाण्याआधी मुलामुलींचे मोबाइल लॉकरमध्ये ठेवून घेतात. बऱ्याच ठिकाणी कागद-पेनालाही मज्जाव असतो. मग हेडसेट चढतो आणि शिफ्ट संपेपर्यंत ग्राहकाशी बोललेला शब्द न् शब्द कंपनीच्या दप्तरी जमा होतो. टीम लीडरच्या हाताशी तीन सोयी असतात: गुपचूप ऐकणं, ग्राहकाला पत्ता लागू न देता एजंटच्या कानात कुजबुजणं आणि अगदीच गाडी घसरली तर मधेच संभाषणात घुसणं. त्यानंतर क्वालिटीवाले येतात. ते रेकॉर्डिंग लावून तक्ता भरतात: नमस्कार वेळेत झाला का, ग्राहकाचं नाव घेतलं का, दिलगिरीत पुरेशी कळकळ होती का. पलीकडच्या आजोबांनी बिलावरचा ग्राहक क्रमांक वाचण्यासाठी चष्मा शोधायला घेतला आणि तेवढा वेळ एजंट गप्प राहिला, तर त्या शांततेला ‘डेड एअर’ म्हणतात आणि तिचे मार्क कापतात. ओळख पडताळायची राहून गेली तर ‘फेटल’. मग बाकीचा कॉल कितीही गोड असो, हाती भोपळा. इतकी काटेकोर तपासणी दहावीच्या बोर्डालाही कधी जमली नाही.

या व्यवस्थेला आमचा विरोध नाही. तक्रार असलीच तर एवढी, की तिचा लाभ फार थोड्यांना मिळतो. गुणवत्तेसाठी ऐकायचं, तर गुणवत्ता जिथे ठरते तिथे कान लावायला नको का? एजंटच्या तोंडचं वाक्य त्याचं नसतंच. पैसे परत मागणाऱ्याला आधी दुसरी योजना गळ्यात मारावी, सेवा बंद करा म्हणणाऱ्याला आणखी दोघांकडे फिरवावं, आणि एवढं करून कॉल मात्र ठरल्या मिनिटांत संपवावा, हे त्या बिचाऱ्याने ठरवलेलं नसतं. ते वरच्या मजल्यावरच्या कुठल्याशा कॉन्फरन्स कॉलमध्ये ठरतं. त्या कॉलला किती मार्क पडले? साहेबांनी समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं का? आणि ‘बघू या, पुढच्या क्वार्टरला’ हे उत्तर डेड एअरमध्ये धरायचं की थेट फेटलमध्ये?

मोठ्या पगाराच्या टेबलांवर रेकॉर्डर नसतोच असं नाही. ऐकणारा नसतो. गुहागरजवळच्या दाभोळ प्रकल्पामुळे एन्रॉन हे नाव महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. या कंपनीच्या अमेरिकेतल्या वीजविक्री विभागात सौदे करणाऱ्यांचे फोन नेमाने रेकॉर्ड होत. 2000-01 मध्ये कॅलिफोर्नियात विजेचा तुटवडा पडला तेव्हा ही मंडळी फोनवर भाव कसा चढवला याची फुशारकी मारत होती, चांगलं चालू वीजकेंद्र काही कारण काढून बंद ठेवायला सांगत होती आणि लुबाडल्या गेलेल्या म्हाताऱ्या ग्राहकांवर खिदळत होती. फोन कंपनीचा, टेप कंपनीची, आणि कंपनीच्या कानावर काहीच नाही! कंपनी बुडाल्यावर वॉशिंग्टन राज्यातल्या स्नोहोमिश या सार्वजनिक वीजसंस्थेने, जिच्यावर एन्रॉननेच दावा ठोकला होता, त्या टेपा मिळवून कागदावर उतरवून घेतल्या आणि 2004 मध्ये जगाला त्या ऐकायला मिळाल्या. आयर्लंडच्या अँग्लो आयरिश बँकेचं तेच. सप्टेंबर 2008 मध्ये बँक गटांगळ्या खात असताना सरकारकडे मागायचा सात अब्ज युरोंचा आकडा कसा हवेतून काढला, यावर तिचे बडे अधिकारी बँकेच्याच फोनवर हसत होते. ते संभाषण 2013 मध्ये वर्तमानपत्रात आलं, तोवर आयरिश करदात्याच्या खिशातून सुमारे 30 अब्ज युरो गेले होते. तिथे क्वालिटीवाला कुणी असता, तर निदान ‘संभाषणात अनावश्यक हास्य’ म्हणून दोन मार्क तरी कापले असते.

खालच्या मजल्यावर मात्र कंपनीचे कान फार तिखट. अमेरिकेत यलो पेजेसच्या जाहिराती विकणाऱ्या एल. एम. बेरी कंपनीत विक्रीचे कॉल प्रशिक्षणासाठी ऐकले जात. खासगी फोन मात्र, तो खासगी आहे हे कळेपर्यंतच ऐकू, असं आश्वासन होतं. जेवणाच्या सुट्टीत एका विक्री कर्मचारी बाईंना मैत्रिणीचा फोन आला. दुसऱ्या कंपनीतली मुलाखत कशी झाली, याच्या गप्पा झाल्या. वरिष्ठांनी त्या ऐकल्या, बाईंना बोलावलं आणि तुम्ही जाऊ नये अशी इच्छा व्यक्त केली. त्यातून शब्दाला शब्द वाढला, दुसऱ्या दिवशी बाईंना काढलं, मग माफी मागून परत घेतलं, आणि आठवड्याच्या आत त्या दुसऱ्या कंपनीत निघून गेल्या. बाईंच्या खटल्यात 1983 मध्ये अपील न्यायालयाने बजावलं की धंद्याचे कॉल ऐकायला दिलेली संमती म्हणजे सगळंच ऐकायचा परवाना नव्हे. माणूस जाऊ नये म्हणून धडपड केली आणि माणूस गेलाच. एवढं प्रशिक्षण वरिष्ठांना दुसऱ्या कुठल्या वर्गात मिळालं असतं?

आता आक्षेप. रेकॉर्डिंग कायद्यानेच करावं लागतं, असं म्हणतात. अर्धं खरं आहे. सेबीच्या 2018 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने खरोखर सौदा सांगितल्याचा पुरावा, म्हणजे फोनवरच्या ऑर्डरचं रेकॉर्डिंग वगैरे, शेअर दलालाने ठेवायचा असतो. त्यात ग्राहकाचंच भलं आहे. पण पुरावा जपणं वेगळं आणि आजोबांच्या चष्म्याचे मार्क कापणं वेगळं. दुसरं, कर्मचाऱ्याने सही केलेली असते. ती नेमणूकपत्रासोबतच्या गठ्ठ्यात, नोकरी हातची जाऊ नये म्हणून केलेली सही. शिवाय 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी संमतीवाचून माहिती हाताळायची वाट ठेवलीच आहे, म्हणजे पुढे सहीचाही त्रास नको. सरकारला कुणाचा फोन चोरून ऐकायचा तर सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या पीयूसीएल निकालापासून गृहसचिवांचा आदेश आणि आढावा समिती लागते. टीम लीडरचं बटणावर भागतं. लाइन कंपनीची आहे, हा फरक मान्य. पण मग वरच्या मजल्याची लाइन काय मामाच्या घरची आहे?

वरच्या कॉलमध्ये व्यापारी गुपितं असतात, हा सगळ्यात भारदस्त आक्षेप. खालच्या कॉलमध्येही गुपितं असतात: ग्राहकाचं आजारपण, थकलेला हप्ता, नवऱ्याला न सांगता काढलेलं कर्ज. ती तक्तेवाल्याने ऐकली तर चालतं, मग साहेबांची का नाही? कर नाही त्याला डर कशाला, ही म्हण तर कंपन्यांच्याच तोंडी असते. पण डर आहे. अमेरिकेतल्या बड्या वित्तसंस्थांत धंद्याचा पत्रव्यवहार जपून ठेवण्याची सक्ती आहे, म्हणून तिथल्या मंडळींनी, अगदी वरिष्ठांसकट, आपल्या खासगी मोबाइलवर धंद्याचे मेसेज सुरू केले. सप्टेंबर 2022 मध्ये तिथल्या रोखे आयोगाने सोळा कंपन्यांना मिळून 1.1 अब्ज डॉलरहून अधिक दंड लावला. त्यांचे मोबाइल कुणी लॉकरमध्ये ठेवायला सांगितले नव्हते.

तेव्हा वाचकहो, कस्टमर केअरच्या पोराने तिसऱ्यांदा ‘आणखी काही मदत करू शकतो का’ असं विचारलं तर त्याच्यावर खेकसू नका. ते विचारलं नाही तर त्याचे मार्क जातात. तक्रार करायचीच असेल तर ती लेखी करा आणि संचालकांच्या नावे पाठवा. पोचपावती मात्र जपून ठेवा, कारण त्या टेबलावरचं बोलणं रेकॉर्ड झालं तरी कुणी ऐकत नाही.