भाऊचा प्ले

बेसा भागात चार फ्लॅट स्कीम ओलांडल्या की एक रिकामा प्लॉट लागतो. त्यावर कडुनिंब, कडुनिंबाखाली टिनाचं शेड आणि शेडमध्ये गिअरबॉक्सवाला भाऊ. बोर्डावर ‘सर्व प्रकारच्या गाड्यांची कामे’ असं लिहिलेलं असतं, पण त्यावर विश्वास ठेवू नये. डेंटिंग-पेंटिंगला भाऊ मेकअप समजतो आणि इंजिन म्हणजे त्याच्या लेखी गिअरबॉक्सला फिरवायला ठेवलेला नोकर.

भाऊची ओळखायची खूण एकच. हाती लागेल ती वस्तू तो आधी हलवून बघतो.

टपरीवर बसायच्या आधी बाकडं हलवतो. वास्तुपूजनाला बोलावलं तर जिन्याचा कठडा हलवतो आणि पंगतीत, मठ्ठा ओतून घेता घेता, यजमानाला सांगतो, “अर्धा मिलिमीटर प्ले आहे जी.” पुतणीला बघायला आलेल्या मुलाशी हात मिळवून आत आला, तेव्हा बायकांनी विचारलं, कसा वाटला? “पोट्टा चांगला आहे. मनगट लूज आहे.”

त्याची सारी मालमत्ता म्हणजे सोनपापडीच्या डब्यात, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं डायल गेज. त्याचं एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. माणसाचा केस साधारण पाच ते दहा घरांचा भरतो. हाताखालच्या पोराच्या हातून पाना पडला तर भाऊ शिवी देतो, गेजचा डबा नुसता सरकला तरी दोन दिवस बोलत नाही.

परवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात पर्यटक फिरवणारी एक जिप्सी आली. मालक कावलेला. “तिसरा गिअर सुटून रायला भाऊ. वाघ समोर, म्या ॲक्सिलरेटर सोडला, अन् दांडा न्यूट्रलले!” आधीच्या गॅरेजवाल्याने क्लचप्लेट बदलून दिली होती. भाऊने कपाळाला हात लावला, पण बोलला नाही. शेजारच्या सीटवर बसला आणि म्हणाला, “घोगलीकडं घे.”

रस्ताभर तो मैफलीला बसल्यासारखा डोळे मिटून होता. दुसऱ्यात घुंईऽऽ. तिसऱ्यात घुंईऽऽ. चौथ्यात शांत. भाऊने डोळे उघडले. “काउंटर शाफ्ट.” जिप्सीचा चौथा गिअर सरळ असतो. जोर इनपुट शाफ्टकडून थेट मेन शाफ्टला जातो आणि काउंटर शाफ्ट नुसता फिरतो, ओझं वाहत नाही. ओझं उतरलं की कण्हणं थांबतं. म्हणजे दुखणं त्याच्याच बेअरिंगात.

शेडमध्ये ऑइल काढलं. भाऊने थेंब बोटावर चोळून उन्हात धरला. सोनेरी चमक होती, म्हणजे सिंक्रोच्या पितळी रिंगा झिजलेल्या. चुंबक फिरवलं तर काळा लगदा चिकटला, म्हणजे पोलादही सुटलेलं. बाभळीच्या डिंकाएवढा तो गोळा त्याने मालकाच्या तळहातावर ठेवला. “हे तुयं बेअरिंग.”

गिअरबॉक्सचा डबा टेबलावर आला तेव्हा मालकाने चोरून इनपुट शाफ्ट हलवला आणि ओरडलाच, “अन् हा तर केवढा हलून रायला!”

असल्या क्षणासाठीच भाऊ जगतो. “गाडीत त्याचं नाक फ्लायव्हीलच्या बेअरिंगात बसते. इथं नाक कोण धरून आहे? हलणारच. त्याले सोड.” मग गेज काउंटर शाफ्टच्या टोकाला टेकवून त्याने शाफ्ट मागे-पुढे ढकलला. काटा चाळीस घरं पळाला. एवढ्या पळापळीत गिअरचे दात पूर्ण अडकत नाहीत आणि पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की ते सुटतात. फोर्कही एका बाजूने घासलेला निघाला. यादी झाली: बेअरिंग, सिंक्रो रिंग, फोर्क.

“मंग पूर्ण टाइट करून देऊन टाका ना. पैशाचं पाहू.”

भाऊ मटकन खाली बसला. पूर्ण टाइट! गिअर शाफ्टवर सुटा फिरायला हवा असतो, मध्ये तेलाची पापुद्र्याएवढी जागा लागते. ती दाबली तर गिअर चिकटतो. शिवाय डबा ॲल्युमिनियमचा, शाफ्ट पोलादाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम जवळपास दुप्पट फुगतं. दोन बेअरिंगांत 20 सेंटिमीटर अंतर आणि डबा 60 अंशांनी तापलेला, तर फरक पडतो सुमारे 0.13 मिलिमीटरचा, भाऊच्या भाषेत तेरा घरांचा. म्हणून मे महिन्यात उन्हातून आलेला डबा तो लगेच मोजत नाही. पाहुण्यासारखा सावलीत ठेवतो. “बसू दे त्याले. आत्ता विचारलं तर खोटं सांगंल.” हे सगळं ऐकवेपर्यंत दोन चहा झाले, पैसे मालकाने दिले.

पंधरा दिवसांनी मालक पेढे घेऊन हजर. एका पर्यटकाने कॅमेऱ्यात टिपलेला व्हिडिओ त्याच्या मोबाइलवर आला होता. रस्त्याच्या कडेला वाघीण, मागे दोन बछडे, जिप्सी हळूहळू पुढे सरकतेय. टपरीवरचे सगळे मोबाइलवर वाकले. भाऊ मात्र आकाशाकडे बघत, कान पुढे करून उभा.

“तिसऱ्यातच आहे ना?”

“हो भाऊ! सुटला नाही! पाहा, पाहा, बछडे पाहा!”

“मागं घे जरा.” व्हिडिओ मागे गेला. वाघीण पुन्हा झुडपातून बाहेर आली. “ऐकून रायला? टक्... टक्... मागून.” भाऊने पेढा तोंडात टाकला. “प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस गेला तुया. सोमवारी आणून टाक.”