गोळा जपून ठेवा

पहिल्या महायुद्धातल्या निकामी तोफगोळ्यांच्या हौशी बाजाराइतका न्यायी बाजार दुसरा नसेल. जो गोळा आपले काम चोख बजावून फुटला, त्याचे तुकडे मोडीत. ज्याच्या हातून काहीच घडले नाही, त्याला सर्वोच्च भाव. अशी कदर एरवी फक्त काही कचेऱ्यांत होते.

ब्रिटिश १८ पाउंडी तोफेची पितळी पुंगळी घेताना ती उलटी करून बुडावरचा सालाचा शिक्का बघावा. १९१६ निघाले की विक्रेत्याचा आवाज आदराने खाली येतो आणि आकडा वर जातो. गोळ्याच्या तांब्याच्या पट्ट्यावर तोफेच्या नळीचे चरे उमटले असतील, तर माल ‘वापरलेला’. पोचा असेल तर खुशाल घासाघीस करावी. तो कशावर आदळून पडला, हे विचारणे मात्र असभ्य.

सोमच्या लढाईआधी, १९१६च्या जूनअखेरीस, ब्रिटिशांनी आठवडाभरात सुमारे १५ लाख गोळे डागले. त्यांतले कितीतरी फुटलेच नाहीत. इतिहासकार याला अपयश म्हणतात. त्यांना गुंतवणुकीची दृष्टी नाही. खरे तर गोळे कारखान्यातून थेट दिवाणखान्यात धाडावेत, मधला लढाईचा खर्च वाचेल. अडचण एवढीच, की मग अस्सलपणाच्या प्रमाणपत्रावर काय लिहायचे?

बेल्जियममध्ये ईपरजवळचे शेतकरी मात्र अगदीच अव्यवहारी. नांगराला लागलेला गोळा ते रस्त्याकडेच्या खांबापाशी ठेवतात आणि लष्कर तो फुकट घेऊन जाते. एखादा शंभर वर्षांनीही शेतातच फुटतो. शेतकऱ्याचे काय व्हायचे ते होते. पण एक चांगला नग हकनाक वाया जातो.